दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेले मांजर

मांजराला पत्र लिहिता येत नाही. घरापासून दूर असलेल्या माणसाला आईवडिलांची, बायकामुलांची खबर त्यांच्याच तोंडून मिळते. मांजराची खबर मात्र नेहमी तिसऱ्याच कुणाकडून येते. ते जेवले का, दुखरा पाय अजून उचलून चालते का, दुपारी जिन्यात ऊन खायला बसते का, हे सांगायला कुणीतरी त्याच्याजवळ असावे लागते. नुसते जवळ असूनही भागत नाही, त्या माणसाला मांजर कळावेही लागते. म्हणून आठवडेच्या आठवडे नदीच्या बोटीवर काम करणाऱ्या मार्जारप्रेमीचा इतर मार्जारप्रेमींशी असलेला संपर्क हा केवळ विरंगुळा नव्हे. जे समोर नाही त्याच्यावर प्रेम करणे म्हणजे नेमके काय करणे, दुसऱ्याने पाहिलेल्या गोष्टीवर किती भरवसा ठेवावा, आणि एका मुक्या जिवाचा लळा माणसाला बांधतो की मोकळा करतो, हे जुने प्रश्न त्यात गुंतलेले आहेत.

ॲरिस्टॉटलने ‘निकोमखीय नीतिशास्त्रा’च्या आठव्या आणि नवव्या भागांत मैत्रीची सविस्तर चर्चा केली आहे. अंतरामुळे मैत्री लगेच संपत नाही, तिचा व्यवहार तेवढा थांबतो, असे तो म्हणतो. पण ताटातूट फार लांबली तर विसर पडतो, हेही तो मान्य करतो. पुढे तो आणखी एक भेद करतो. माणसांनी एकत्र राहणे म्हणजे बोलणे आणि विचार वाटून घेणे. गुरांनी एकत्र राहणे म्हणजे एकाच कुरणात चरणे. माणसाचे सहजीवन पहिल्या प्रकारचे, म्हणून वरचे, असा त्याचा अभिप्राय आहे.

मांजराची सोबत या विभागणीत दुसऱ्या बाजूला पडते. ते बोलत नाही, आपले मत सांगत नाही. ते त्याच खोलीत येऊन बसते. पायात घोटाळते, गाल घासून आपला वास माणसाच्या पोटरीवर सोडते, मांडीवर अंगाचे मुटकुळे करून घुरघुरते. त्याच्या लेखी सोबत म्हणजे शेजारी असणे, एवढेच. ही सोबत ॲरिस्टॉटलला वाटली तशी खालच्या पायरीची आहे असे मानण्याचे कारण नाही. दिवसभर बोलून थकलेल्या माणसाला संध्याकाळी नेमकी तीच हवी असते. पण ती शेजारी असण्यावरच उभी असल्यामुळे अंतर पडताक्षणी तुटते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात मांजरांना परक्या माणसांचे आणि मालकाचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले गेले. मालकाचा आवाज त्यांनी ओळखला. कान टवकारले, मान वळवली. मात्र आवाजाच्या दिशेने ती चालत गेली नाहीत. फोनवरून हाक मारणाऱ्या खलाशाचा अनुभव याहून वेगळा नसतो. आवाज ओळखीचा, पण त्याला ना वास ना ऊब.

तेव्हा घर सोडलेल्या मार्जारप्रेमीची एक सोबत पूर्ण तुटते आणि दुसरी शिल्लक राहते. मांजराजवळ बसता येत नाही. मांजर ज्यांना कळते अशा माणसांशी बोलता येते. पहिलीपर्यंत पोचण्याची वाट दुसरीतूनच जाते.

नदीवरचे काम या बाबतीत समुद्रावरच्या कामाहून वेगळे आहे, आणि काही अंशी अधिक कठीण. जहाज खोल समुद्रात गेले की किनारा दिसेनासा होतो. मन हळूहळू त्या रिकाम्या क्षितिजाला सरावते. नदीत किनारा दिवसभर डोळ्यांपुढे सरकत असतो. घरे दिसतात, वाळत घातलेले कपडे दिसतात, कुंपणाच्या भिंतीवर अंग चाटत बसलेले एखादे मांजर दिसते, आणि त्यांतल्या कशापर्यंतही पोचता येत नाही. मिसिसिपी नदीवर आज मालाची ने-आण करणाऱ्या बोटी पंधरा-पंधरा, खालच्या पात्रात त्याहूनही जास्त बार्जी एकत्र बांधून पुढे ढकलत नेतात. सहा तास काम आणि सहा तास विश्रांती अशा पाळ्या चालतात. चार आठवडे बोटीवर आणि मग दोन किंवा चार आठवडे घरी, असे चक्र तिथे रूढ आहे. गोव्यात मांडवी-झुवारीतून लोहखनिज वाहणाऱ्या बार्जीवरचा खलाशी घरापासून काही तासांच्या अंतरावर असतो, तरी घरी नसतो.

पूर्वी बोटीवरच मांजर असे. धान्याच्या पोत्यांमागे उंदीर येत आणि उंदरांमागे मांजरे. ऱ्हाइन नदीवर जी कुटुंबे आपल्या मालकीच्या मालवाहू बोटीतच राहतात, त्यांच्याबरोबर कुत्रे किंवा मांजर आजही दिसते. पण कंपनीच्या बोटीवर नोकरीला असलेल्या माणसाला पाळीव प्राणी नेण्याची मुभा सहसा नसते. त्याचे मांजर घरी राहते, आणि घर कुणावर तरी सोपवावे लागते.

नदीवरच्या माणसांनी एकमेकांशी संपर्क कसा ठेवला याचे एक फार बोलके उदाहरण मिसिसिपीच्याच इतिहासात आहे. सॅम्युएल क्लेमेन्स, म्हणजे पुढे मार्क ट्वेन या नावाने प्रसिद्ध झालेला लेखक, १८५७ मध्ये होरेस बिक्स्बी या पायलटाच्या हाताखाली वाफेची बोट चालवायला शिकू लागला. १८५९ मध्ये त्याला परवाना मिळाला आणि १८६१ मध्ये यादवी युद्धाने नदीवरची वाहतूक बंद पाडेपर्यंत त्याने हे काम केले. सेंट लुइस ते न्यू ऑर्लीन्स हे सुमारे बाराशे मैलांचे पात्र पायलटाला तोंडपाठ असावे लागे, आणि पाठ करून झाले तरी ते तसेच राहत नसे. वाळूचे दांडे सरकत, काठ ढासळत, मागच्या खेपेला मोकळी असलेली वाट या खेपेला उथळ झालेली असे. त्यामुळे नदीचे खरे ज्ञान एकाच माणसाकडे असू शके: जो नुकताच तिथून गेला त्याच्याकडे.

पायलटांच्या संघटनेने यावर तोड काढली. ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’ (१८८३) या पुस्तकात ट्वेनने तिचे वर्णन केले आहे. मुख्य धक्क्यांवर कुलूपबंद पेट्या ठेवलेल्या असत. किल्ली फक्त सभासदांकडे. प्रत्येक पायलट आपण आलेल्या टप्प्याचा अहवाल, म्हणजे कुठे किती खोली लागली, कुठल्या खुणेवरून पात्र ओलांडले, हे छापील कागदावर भरून त्यात टाकी आणि पुढच्या टप्प्याचे अहवाल वाचून घेई. समोरासमोर गाठ पडायची गरजच नव्हती. वर जाणाऱ्या बोटीचे डोळे खाली येणाऱ्या बोटीच्या कामी येत. संघटनेबाहेरच्या पायलटांच्या बोटींना अपघात जास्त होतात हे विमा कंपन्यांच्या लक्षात आले, आणि शेवटी सभासद पायलटच नेमण्याचा आग्रह त्यांनी धरला, असे ट्वेन लिहितो.

या पेटीत काय ठेवलेले असे, याचा विचार भारतीय ज्ञानमीमांसेने फार बारकाईने केला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, मानली. शब्द म्हणजे आप्ताचे सांगणे. आप्त कोण, याचे वात्स्यायनाच्या भाष्यातले उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे: ज्याने वस्तू स्वतः नीट जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही भाष्यकार स्पष्ट करतो. विश्वासार्हता कुळातून येत नाही, पदातून येत नाही. ती जाणण्यातून आणि खरे सांगण्याच्या इच्छेतून येते. आज मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. शास्त्रातला अर्थ त्याहून कडक आहे, आणि दूर असलेल्या माणसाच्या दृष्टीने अधिक उपयोगी.

मांजर कुणावर सोपवावे, याचे उत्तर याच लक्षणात आहे. शेजारी भला असेल, वेळेवर दूध-भात ठेवील, पण मांजरांशी त्याचा कधी संबंध आला नसेल तर जे पाहायला हवे ते त्याच्या डोळ्यांना दिसणारच नाही. मांजर आजार लपवते. बोका एका कोपऱ्यात शांत पडून आहे, एवढेच अनोळखी माणसाला दिसते. तो वारंवार वाळूच्या खोक्यात जातो आणि लघवी न करताच बाहेर येतो, हे जाणत्याला दिसते. मूत्रमार्ग अडलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. दोघेही खरेच बोलतात, दोघांचाही हेतू चांगला, तरी आप्त त्यांतला एकच. मार्जारप्रेमी माणसे एकमेकांना धरून राहतात त्यामागे केवळ आवड सारखी असणे नाही. त्यांनी एकमेकांची नजर पारखलेली असते.

वैशेषिकांनी आणि बौद्ध तर्कशास्त्रज्ञांनी शब्दाला वेगळे प्रमाण मानले नाही. सांगणारा विश्वासू आहे, म्हणून त्याचे म्हणणे खरे असणार, हे शेवटी अनुमानच झाले, असा त्यांचा आक्षेप. नवी ओळख असते तेव्हा हे म्हणणे पटण्यासारखे आहे. पहिल्या खेपेला खलाशी प्रत्येक निरोप तोलून पाहतो, उलट प्रश्न विचारतो, फोटो मागवतो. पण काही वर्षांनी ‘आज सगळे खाल्ले, खिडकीत बसली आहे’ एवढा निरोप आला की तो कसलाही हिशेब मांडत नाही. त्याला खिडकी दिसते. या ठिकाणी नैयायिकांचे मत अनुभवाला अधिक धरून आहे. मुरलेल्या विश्वासातून मिळालेले ज्ञान अनुमानाच्या पायऱ्या चढत येत नाही.

निरोप येत नाही तेव्हा काय? नदीच्या काही टप्प्यांत फोनला रेंज नसते, कधी घरचाच माणूस गप्प असतो. मीमांसकांनी अर्थापत्ती नावाचे वेगळे प्रमाण सांगितले आणि त्याचे एक उदाहरण असे दिले: देवदत्त जिवंत आहे, आणि घरी नाही, तेव्हा तो बाहेर कुठेतरी असला पाहिजे. उदाहरण साधे दिसते, पण त्याचा सगळा भार ‘जिवंत आहे’ या पहिल्या वाक्यावर आहे, आणि ते वाक्य दुसऱ्या प्रमाणाने आधीच मिळालेले असावे लागते. मांजर तीन दिवस घरी आले नाही असे कळते तेव्हा नेमके तेच वाक्य हाताशी नसते. मग आसपासचे मार्जारप्रेमी करतात ते काम तर्काचे नसून पायपिटीचे असते. रात्री विजेरी घेऊन मोटारींखाली पाहणे, गच्च्या आणि बंद गाळे धुंडाळणे, ओळखीच्या भांड्यावर चमचा वाजवणे. बोटीवरच्या माणसाला यातले काहीच करता येत नाही. त्याचे सोबती त्याच्या वतीने करतात ते हेच.

येथे एक नैतिक पेच उभा राहतो. मांजर मेले, आणि मालकाचा बोटीवरचा मुक्काम संपायला अजून अठरा दिवस आहेत. सांगावे की थांबावे? थांबण्याच्या बाजूने कारणे भक्कम आहेत. तो काही करू शकत नाही, येऊ शकत नाही. डेकवरचे काम धोक्याचे असते. ताणलेल्या तारा आणि ओल्या बार्जी यांच्यामध्ये क्षणभर मन दुसरीकडे गेले तर हात जायची भीती. दया म्हणते, गप्प बस. पण एकदा ‘ठीक आहे’ असे खोटे सांगितले की आधीचे आणि नंतरचे सगळे निरोप डळमळतात. सांगणारा आप्त राहत नाही. सहकाऱ्याला काळजी नको म्हणून पेटीत खोलीचा खोटा आकडा टाकणाऱ्या पायलटाने दया केली असे कुणी म्हणणार नाही. तेव्हा वेळ निवडण्याचा अधिकार मित्राला आहे. पाळी संपू द्यावी, माणूस बसलेला असू द्यावा, शेजारी कुणी असेल तर बरे. मजकूर बदलण्याचा अधिकार मात्र नाही. आणि तो आपण होऊन विचारतो, ‘कशी आहे?’, तेव्हा वेळ निवडण्याचा अधिकारही संपतो.

जिव्हाळ्याच्याच मुळाशी हात घालणारा आक्षेप धर्मग्रंथांनी घेतला आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात भरत राजाची कथा आहे. राज्य सोडून तो गंडकी नदीच्या काठी तप करत असतो. पाणी प्यायला आलेली गाभण हरिणी सिंहाच्या गर्जनेने बिचकून उडी मारते, पाडस प्रवाहात पडते, हरिणी मरते. भरत पाडसाला वाचवतो, वाढवतो, आणि हळूहळू जप, ध्यान, नित्यकर्म सगळे सुटत जाते. पाडस नजरेआड झाले की धन हरवलेल्या कृपणासारखा तो कासावीस होतो. मरतानाही त्याच्या मनात तेच, म्हणून पुढचा जन्म हरणाचा. कीर्तनकार ही कथा आसक्तीच्या धोक्यासाठी सांगतात, आणि ते योग्यच आहे.

तरी कथा नीट पाहिली तर दोष पाडसाला वाचवण्यात नाही, पोसण्यातही नाही. बुडणाऱ्या जिवाला हात न देणाऱ्या तपस्व्याचे कौतुक कथा कुठेच करत नाही. भरताची अवस्था बिघडते ती पाडस दिसेनासे झाल्यावर. आणि त्या आश्रमात एक गोष्ट ठळकपणे नाही: दुसरा कुणी माणूस. पाडस पाहणारे, त्याची काळजी वाहणारे, ‘मघाशी पलीकडच्या गवतात होते’ असे सांगणारे कुणीच नाही. सगळे प्रेम एकाच मनात कोंडलेले, सगळी भीतीही तिथेच. हा अर्थ परंपरेने काढलेला नाही. पण कथेला तो पेलतो. ज्या लळ्यात दुसरे वाटेकरी असतात, त्यातले ‘माझे’पण आपोआप सैल होते. खलाशाचे मांजर चार घरी जेवते, चार माणसांना ओळखते, आणि त्याच्या गैरहजेरीत त्यांतल्याच एकीच्या पायाशी झोपते. हे कळूनही ज्याचे मन खट्टू होत नाही, त्याचा लळा भरताच्या वाटेने जाणार नाही.

वाटेकरी असले की हे आपोआप घडते असे मात्र नाही. चीनमधला झेन गुरू नानछ्वान (७४८–८३५) याच्या मठात पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या दालनांतले भिक्षू एका मांजरावरून भांडत होते. गुरूने मांजर उचलले, एक तरी खरा शब्द बोला म्हणजे हे वाचेल असे म्हटले, आणि कुणालाच बोलता आले नाही तेव्हा ते कापले. झेन परंपरेत या प्रसंगावर शतकानुशतके चिंतन झाले आहे. मांजरावर जीव लावणाऱ्याला तो वाचणे सहन होत नाही, आणि होऊ नये हे स्वाभाविक आहे. पण भिक्षूंची चूक ओळखीची आहे. दोन्ही दालनांचे मांजरावर प्रेम होते आणि त्यातून संवाद निर्माण झाला नाही, दावा निर्माण झाला.

दावा न सांगता लळा कसा लावावा, या प्रश्नाचे एक व्यवहारी उत्तर ट्वेनच्या उत्तरायुष्यात सापडते. मांजरांचे वेड त्याला आईकडून आले होते. तिच्या घरात भटक्या मांजरांना नेहमी आसरा असे. १९०४ मध्ये ट्वेनची पत्नी वारली. त्यानंतर मुलगी क्लारा उपचारांसाठी एका आरोग्यधामात होती. तिथे मांजर ठेवू देत नसत, म्हणून तिचा काळा बोका बॅम्बिनो वडिलांकडे आला. १९०५ मध्ये तो न्यूयॉर्कच्या घरातून नाहीसा झाला, तेव्हा ट्वेनने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन पाच डॉलरचे बक्षीस लावले. बॅम्बिनो परत आला, तरी लोक आपापली मांजरे घेऊन दारात येत राहिले. पुढच्या उन्हाळ्यात न्यू हॅम्पशायरमधल्या डब्लिन गावी मुक्काम असताना त्याने तिथल्या एका बाईकडून मांजराची पिल्ले चक्क भाड्याने घेतली. उन्हाळा संपला की तो निघून जाणार होता, आणि मागे राहिलेली पिल्ले बेघर होऊ नयेत हा त्यामागचा विचार होता.

ज्याचे राहणेच टिकाऊ नाही त्याने मालक न होता लळा लावावा, असा हा मार्ग आहे, आणि त्यामागे एक कर्तव्य उभे आहे. मांजराला कोंडून ठेवून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याची हदीस इस्लामी परंपरेत प्रसिद्ध आहे. तिने मांजराला स्वतः खाऊ घातले नाही, आणि बाहेर जाऊन पोट भरायला सोडलेही नाही, असे दोन्ही दोष तिथे स्पष्ट सांगितले आहेत. घर सोडून जाणाऱ्यावर म्हणजे दोनपैकी एक बंधन येतेच. मांजर मोकळे तरी ठेवावे, नाहीतर त्याची सोय तरी लावावी. मनातल्या प्रेमाने यांतले काहीच भागत नाही. 

दूर असताना धरून कोण ठेवतो, या प्रश्नाला भक्तिपरंपरेत मांजराच्याच नावाचे उत्तर आहे. कावेरीच्या दोन प्रवाहांमधले श्रीरंगम हे बेट रामानुजीय वैष्णवांचे मोठे केंद्र. तिथल्या आचार्यपरंपरेत मोक्षासाठी जीवाने काही करावे लागते की सगळे देवाच्या कृपेनेच घडते, यावर मतभेद झाला. वेदान्तदेशिकांना मानणाऱ्या वडकलै पंथाची भूमिका मर्कटन्यायाने सांगतात: माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरते. पिळ्ळै लोकाचार्यांकडे पाहणाऱ्या तेनकलै पंथाची मार्जारन्यायाने: मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आई मानगुटीला धरून त्याला नेते. श्रीरामकृष्णांनीही दक्षिणेश्वरी, हुगळीच्या काठी, ही दोन पिल्ले भक्तांना समजावून सांगितली.

हा वाद ईश्वरी कृपेचा आहे. माणसांच्या मैत्रीवर तो जसाच्या तसा लादणे बरोबर होणार नाही. पण दोन्ही पिल्लांचे अनुभव बोटीवरच्या माणसाला परके नसतात. सुरुवातीच्या खेपांत तो माकडाच्या पिल्लासारखा असतो. प्रत्येक धक्क्यावर फोन काढतो, आपण विचारले नाही तर कुणी सांगणार नाही अशी धास्ती असते. मग कधीतरी, सलग पाळ्यांनी अंग मोडून आलेले असताना, न मागता एक फोटो येतो: मांजर, त्याच्या रिकाम्या खुर्चीत. त्याने काहीच धरलेले नव्हते आणि तरी त्याला धरून ठेवले गेले होते. दोन्ही न्यायांपैकी खरा कोणता हे पंथांनी ठरवावे. मैत्री दोन्हींवर चालते.

या वर्तुळाची एक मर्यादाही आहे. मार्जारप्रेमी माणसे एकमेकांशी इतकी रमू शकतात की जगातले बाकीचे जीव त्यांना दिसेनासे होतात. याबद्दल सर्वांत खोल विचार नदीच्या बोटीवरच झाला. अल्बर्ट श्वाइट्झर १९१३ मध्ये आजच्या गॅबॉनमधल्या लांबारेने येथे डॉक्टर म्हणून गेले. सप्टेंबर १९१५ मध्ये एका मिशनऱ्याच्या आजारी पत्नीला पाहायला त्यांना ओगोवे नदीतून वर जायचे होते. जड बार्जी ओढत नेणारी एक छोटी वाफेची बोट तेवढी निघत होती. शिधा बरोबर घ्यायलाही वेळ मिळाला नाही. बोटीवरच्या आफ्रिकी लोकांनी त्यांना आपल्या हंड्यातले जेवण दिले. कोरड्या ऋतूत वाळूच्या दांड्यांमधून वाट काढत बोट रेंगाळत चालली होती, आणि श्वाइट्झर डेकवर बसून नीतीच्या मुळाशी असलेली एक कल्पना शोधत कागदांवर तुटक वाक्ये लिहीत होते. तिसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या वेळी बोट पाणघोड्यांच्या कळपातून जात असताना त्यांना ते शब्द सापडले: जीवनाविषयी आदर.

या श्वाइट्झरांची सीझी नावाची मांजर होती. ती हातावर डोके ठेवून झोपली की तो हात न हलवता ते दुसऱ्या हाताने लिहीत, अशी आठवण सांगितली जाते. त्यांच्या टेबलावरून युरोपात आणि जगभर गेलेल्या पत्रांची संख्या प्रचंड आहे. पण त्यांच्या नीतीने मांजराला खास सूट दिली नाही. गावकऱ्यांनी पकडलेले मत्स्यगरुडाचे पिल्लू त्यांनी एकदा विकत घेऊन वाचवले, आणि लगेच प्रश्न उभा राहिला: ते जगायचे तर रोज कित्येक लहान मासे मारावे लागणार. त्यांनी मासे दिले. मात्र एका जिवासाठी दुसरा जीव घेण्याची जबाबदारी आपली आहे, हे ओझे त्यांनी झटकले नाही. मांजराच्या ताटलीतही मासाच असतो. नदीवर काम करणाऱ्याला तो जाळ्यात तडफडताना रोज दिसतो, म्हणून शहरातल्या मार्जारप्रेमींपेक्षा हे त्याला आधी उमगण्याची शक्यता असते, आणि त्याच्या निरोपांतून ते वर्तुळात पोचू शकते. घरची माणसे त्याला मांजर दाखवतात. त्यालाही त्यांना काही दाखवण्यासारखे असते: रात्रीच्या पाळीत प्रकाशझोताखाली चमकलेले हरणाचे डोळे, गाळात बसलेली कासवे, बार्जीच्या कडेवर विसावलेला बगळा. पेटीत दोन्हीकडून कागद पडले तरच ती पेटी चालते.

मग पाळी संपते. बॅग घेऊन माणूस घरी येतो, आणि मांजर धावत येत नाही. ते दारापासून चार हात दूर उभे राहून बॅगेचा वास घेते. तिला डिझेलचा, दोरखंडांचा आणि ओल्या लोखंडाचा वास असतो. कधी ते पाठ फिरवून निघून जाते, एखादा दिवस पलंगाखालीच काढते. ते विसरले का, रागावले का, हे त्याला विचारता येत नाही, आणि याचे उत्तर कुठल्याही प्रमाणाने पुरते मिळत नाही. महिनाभर त्याला खाऊ घालणारी शेजारीण किल्ली परत द्यायला येते तेव्हा ते तिच्या पायांत घोटाळते. ती त्याच्याशी बोलते, निघताना बॅग थोडी उघडी ठेवायला सांगते आणि जाते. रात्री कधीतरी मांजर त्या बॅगेत जाऊन बसते.